जीर्णोद्धाराची मर्यादा : अजिंठ्याचे रोगण आणि लग्नाचा चौक

जीर्णोद्धार हा आपल्या परंपरेत पुण्यकर्मवाचक शब्द आहे. जे जीर्ण झाले ते पूर्ववत करावे, हे त्यात गृहीत असते. परंतु हे गृहीत दरवेळी निर्दोष ठरत नाही. निजामाच्या राजवटीत, १९२० ते १९२२ या काळात, चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांनी अजिंठ्याचा सुटत चाललेला गिलावा भिंतीशी पुन्हा जखडला. हे त्यांचे श्रेय. मात्र चित्रांवर दिलेले लाखेचे रोगण कालांतराने पिवळे पडले आणि ते उतरवण्याचे काम पुढील पिढ्यांच्या वाट्याला आले. दुरुस्ती जवळून पाहता ओळखू यावी आणि भावी दुरुस्तीची वाट तिने अडवू नये, हे तत्त्व चेझारे ब्रांदी यांनी १९६३ साली ग्रंथबद्ध केले. मराठीच्या अभ्यासकाला ही दृष्टी परकी वाटू नये. शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केल्यावर तीत पदरची ओवी घालण्यास एकनाथांनी निक्षून मनाई केली होती.

या दोन्ही ठिकाणी राखावी अशी एक मूळ कृती आहे. पालघर जिल्ह्यातील वारल्यांच्या लग्नाच्या चौकाबाबत नेमका हाच आधार सुटतो. कारवीच्या कुडाच्या, शेणमातीने सारवलेल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक काढतात. त्यात पालघट देवी असते आणि धवलेरीच्या गाण्यांवाचून विधी पुरा होत नाही. लग्न झाले की चौक पुसट होत जातो. पुढल्या लग्नात तो नव्याने काढतात. फिकट रेषा रसायनाने पक्की करणे येथे जतन ठरेल काय? माझ्या मते नाही.

१९७०च्या दशकारंभी भास्कर कुलकर्णी यांच्या प्रोत्साहनाने गंजाडचे जिव्या सोमा मशे (१९३४-२०१८) कागदावर चित्रे काढू लागले. ही स्वतंत्र, थोर कला होय. त्या कागदांना ब्रांदींचे नियम खुशाल लावावेत. स्त्रियांचा विधी मात्र त्या कागदावर उतरला नाही, आणि गाणे तर नाहीच.

बोईसर-तारापूर पट्ट्यात १९६९मध्ये अणुवीज केंद्र सुरू झाले, औद्योगिक वसाहत वाढली, कुडाच्या जागी सिमेंटच्या भिंती येत गेल्या. तेथे क्षेत्रकार्य करणाऱ्या विद्यार्थ्याने चौकाचे केवळ छायाचित्र घेऊन परतू नये. तो कोणी काढला, त्या वेळी धवलेरी काय गात होती, मागल्या लग्नातील गाण्याहून त्यात काय बदलले, हे नोंदवावे. आणि दोन पाठ भिन्न निघाले तर त्यांतून एक ‘शुद्ध’ पाठ सिद्ध करण्याचा मोह टाळावा.