गोवऱ्यांची आंच आणि मावळतीचा हिशेब

इंदूरच्या धान्यबाजारात ज्याचे आयुष्य गेले त्याने पाककलेवर लेखणी चालवावी, हे आमच्या वाचकभगिनींना साहसाचे वाटेल. परंतु उघड्यावर भाजलेला बाफला हा विषय जितका स्वयंपाकाचा तितकाच गव्हाचा आहे, आणि गव्हाविषयी दोन शब्द बोलण्याचा अधिकार तराजूने मला दिला आहे. आमचे घराणे मूळचे बार्शीकडचे. तीन दगड मांडावे, काटक्या पेटवाव्या आणि जाळापुढे ज्वारीची भाकरी फुगवावी, एवढी विद्या घेऊन आजोबा होळकरशाहीत माळव्यात आले. जाळ विझल्यावर खरा स्वयंपाक सुरू होतो, ही गोष्ट त्यांना या भूमीने शिकविली.

बाटी आणि बाफला यांत बाहेरगावचे पाहुणे नेहमी घोटाळा करतात. बाटीचा गोळा कच्चाच निखाऱ्यावर जातो. बाफल्याचा गोळा आधी उकडतात. कणीक रवाळ हवी, तीत तुपाचे मोहन, ओवा, मीठ, हळद आणि आवडीप्रमाणे थोडे मक्याचे पीठ. गोळे खळखळत्या पाण्यात सोडले की प्रथम तळाशी बसतात. वर येऊन तरंगू लागले म्हणजे काढून कोरडे करावयाचे. येथे गव्हाची परीक्षा होते. पोळीला सिहोरचा शरबती किंवा लोकवन उत्तम. बाफल्याला मात्र आमचा कठिया. त्याचा दाणा काचेसारखा कठीण व पिवळसर असतो आणि तो दळला की रवा पडतो. या जातीचे ‘पूसा तेजस’सारखे सुधारलेले वाण इंदूरच्याच गहू संशोधन केंद्रातून निघाले आहे. बारीक पिठाचा बाफला आतून चिकट राहतो. रवाळ पिठाचा फोडला की मोकळा होतो आणि तूप पोटात घेतो. किती तूप घेतो, हा हिशेब वैद्यांपुढे मांडण्याची माझी तयारी नाही.

आता आंच. लाकडाचा जाळ उतावळा. तो वरची साल करपवितो आणि गाभा कच्चा ठेवतो. गोवरी सावकाश जळते, एकसारखी तापते. मात्र गोवरी पूर्ण वाळलेली हवी, आणि प्रत्येक आपटून, झटकून, जीवजंतू नाही असे पाहूनच रचली पाहिजे; म्हणूनच चातुर्मासात आम्ही हा बेत करीत नाही. धूर पूर्ण संपून निखाऱ्यांवर पांढरी राख धरली की ढीग पसरावा, त्यावर बाफले मांडावे, उलटत राहावे आणि शेवटी ऊन राखेत दडपावे. पेटविल्यापासून ताटात पडेपर्यंत अडीच तास धरावे. घाई करता येत नाही.

हल्ली सहलींना आचारी गॅसची भट्टी आणतात. डोळ्यांत धूर जात नाही, रानात ठिणगी उडत नाही, वेळही चुकत नाही. त्याविरुद्ध मी बोलणार नाही. राखेतल्या बाफल्याची भेगाळलेली साल तेवढी भट्टीत येत नाही.

वेळेचा प्रश्न आम्हां जैनांना इतरांहून बिकट. सूर्यास्तापूर्वी दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे, भोजन आटोपावे हा आमच्या घरचा नेम. मार्गशीर्षात इंदूरकडे सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. तेव्हा पाचच्या आत पाने उठली पाहिजेत आणि दोनच्या आत विस्तव पेटला पाहिजे. ओंकारेश्वरासमोर, नर्मदेपलीकडे असलेल्या सिद्धवरकूट क्षेत्री १९८४ च्या डिसेंबरात आम्ही चाळीस माणसे गेलो, तेव्हा हा हिशेब मला तोंडपाठ होता. पीठ आठ किलो, तूरडाळ तीन किलो, गोवऱ्या तीन पोती, जबाबदारी माझी. नावेत पोत्यांखाली फळ्या टाकावयास वडिलांनी बजावले होते. मी गडबडीत पोती तशीच टाकली. नावेच्या तळाशी चार बोटे पाणी होते.

दोन वाजता विस्तव पेटला, पण गोवऱ्या पेटल्या नाहीत. धूर, नुसता धूर! फुंकणीने फुंकून डोळे लाल झाले, वरच्या कोरड्या गोवऱ्या वेगळ्या काढल्या, काटक्या घातल्या. राख धरली तेव्हा साडेचार वाजून गेले होते. मुलांना घाईघाईने वरणभात दिला. आजीचे त्या दिवशी एकाशन होते. दिवसातून एकदाच अन्न, पाणीही त्याच वेळी. आणि ती वेळ तिने देवदर्शनानंतरच्या या बाफल्यांसाठी राखून ठेवली होती. ‘दोन घास वरणभात तरी घे,’ म्हणून आई विनवीत होती, तोवर तिची वेळ टळली होती. तिने हात जोडले, माळ घेतली आणि धर्मशाळेत जाऊन बसली. शहात्तर वर्षांची बाई दुसऱ्या दिवशी सूर्य चांगला वर येईपर्यंत पाण्यावाचून राहिली. मला एक शब्द बोलली नाही.

शिळे अन्न आम्हांला सकाळी चालणारे नव्हते. ते सर्व बाफले रात्री नावाड्यांनी खाल्ले. फार उत्तम झाले होते असे त्यांनी सांगितले, आणि ते खरेच असावे. ओल सुकल्यावर आंच सुरेख लागली होती.

पुढल्या वर्षी यात्रेची तयारी निघाली. गोवऱ्यांचे काम आता दुसऱ्याकडे जाणार असे मी धरून चाललो होतो. वडिलांनी दुकानाच्या काट्याजवळ तीन पोती माझ्याचपुढे ठेवविली आणि विचारले, ‘फळ्या घेतल्यास का?’

घेतल्या होत्या; चार.