आयर्लंडांतील ‘स्त्रियांचा नाताळ’ व स्त्रियांचें वेतन

कोणत्याहि देशाच्या सणांत तेथील गृहजीवनाचें प्रतिबिंब पडलेलें असतें. सण कोणाच्या श्रमानें पार पडतो व त्याचें सुख कोणाच्या वांट्यास येतें, एवढें पाहिलें म्हणजे त्या समाजांत स्त्रीचें स्थान काय आहे हें सहज ध्यानीं येतें. या दृष्टीनें आयर्लंडांतील एक जुनी चाल विचार करण्याजोगी आहे.

नाताळाचा सण तेथें ६ जानेवारीस संपतो. पूर्वेकडील ज्ञानी लोक बालयेशूच्या दर्शनास आले, त्याची आठवण म्हणून हा दिवस पाळला जातो. आयर्लंडांत, विशेषेंकरून नैर्ऋत्येकडील कॉर्क व केरी या परगण्यांत, याच दिवसास आयरिश भाषेंत ‘नॉलिग ना मान’ म्हणजे ‘स्त्रियांचा नाताळ’ असें नांव आहे. सणासाठीं घर आवरणें, केक भाजणें, पाहुण्यांची सरबराई करणें, हीं सारीं कामें स्त्रियांच्याच माथीं असत. म्हणून या शेवटच्या दिवशीं चूल, भांडीं व मुलें पुरुषांनीं सांभाळावीं आणि स्त्रियांनीं शेजारणींकडे जाऊन चहा व केक यांचा समाचार घेत गप्पागोष्टी कराव्या, अशी वहिवाट पडली. जुन्या काळीं खेड्यांतील स्त्रिया कोंबड्या पाळून अंडीं विकीत, आणि हा पैसा हीच पुष्कळदां त्यांच्या हातची मिळकत असे. मध्यंतरीं ही चाल मागें पडली होती. परंतु अलीकडे शहरांतूनहि तिचें पुनरुज्जीवन झालें आहे.

या चालींत कौतुकाचा भाग आहे, तसाच एक प्रश्नहि आहे. ज्या कामापासून वर्षांतून एक दिवस विश्रांति द्यावी लागते, तें काम कष्टाचें आहे हें समाजानें मान्यच केलें. मग उरलेल्या ३६४ दिवसांचें मोल काय? १९३७ सालच्या आयरिश राज्यघटनेनें स्त्रीच्या घरांतील जीवनामुळें राष्ट्राला आधार मिळतो असें गौरवानें म्हटलें आहे. हें कलम बदलण्याची सूचना ८ मार्च २०२४ रोजीं मतदारांनीं नाकारली, त्यामुळें तें आजहि कायम आहे. पण स्तुति निराळी आणि मोबदला निराळा.

घराबाहेर पाऊल टाकणाऱ्या स्त्रीची स्थिति तर फारच अवघड होती. विवाह होतांच स्त्रीनें सरकारी नोकरी सोडावी, असा तेथें नियम होता. प्राथमिक शिक्षिकांना तो १९३४ पासून लागू झाला व १९५८ सालीं उठला. इतर सरकारी नोकरींतून तो जावयास १९७३ साल उजाडलें. ज्या स्त्रीस नोकरी सोडावीच लागणार, तिला वरची जागा कोण देणार?

त्याच १९७३ सालीं आयर्लंडनें युरोपीय आर्थिक समुदायांत प्रवेश केला. समान कामास समान वेतन हें तत्त्व त्या समुदायाच्या करारांतच होतें. त्यास अनुसरून १९७४ सालीं कायदा झाला आणि १९७५ च्या अखेरीस तो अमलांत आला. खर्चाची सबब सांगून सरकारनें मुदत मागितली. परंतु युरोपीय आयोगानें १९७६ सालीं ती नाकारली.

येथें एक भेद नीट समजून घेतला पाहिजे. एकाच कामाबद्दल स्त्रीस कमी पगार देणें हा आतां गुन्ह्यासारखा अन्याय मानला जातो व त्यावर कायद्याचा इलाज आहे. परंतु सर्व स्त्रियांच्या व सर्व पुरुषांच्या सरासरी वेतनांतील अंतर ही निराळी बाब आहे. २०२२ सालीं आयर्लंडांत हें अंतर ताशीं ९.६ टक्के होतें. म्हणजे पुरुषाचे सरासरी १०० युरो धरिले, तर स्त्रीचे ९० युरो व कांहीं सेंट. याचें कारण असें कीं, मुलें व वृद्ध यांची जोपासना बहुधा स्त्रीकडेच असते. त्यामुळें ती अर्धवेळ काम पतकरते, मध्येंच नोकरी सोडते, आणि बढतीच्या वेळीं मागें राहते. शिवाय जेथें स्त्रियाच बहुसंख्य आहेत, त्या धंद्यांत पुष्कळदां वेतनहि कमी असतें. २०२१ सालच्या कायद्यानें मोठ्या संस्थांना हें अंतर दरवर्षीं जाहीर करणें भाग पाडलें आहे. दिवा लाविल्यानें घर झाडलें जात नाहीं हें खरें. परंतु केर कोठें आहे तें तरी दिसतें.

२०२३ पासून संत ब्रिजिड हिच्या नांवानें आयर्लंडांत फेब्रुवारींत सार्वजनिक सुटी मिळूं लागली. स्त्रीच्या नांवाची ती तेथील पहिलीच सार्वजनिक सुटी होय. असे सन्मान अवश्य व्हावेत. परंतु ६ जानेवारीस जो पुरुष चूल सांभाळतो, त्यानें ७ जानेवारीसहि ती वांटून घेतली, तर वेतनांतील अंतराच्या मुळाशींच हात घातल्यासारखें होईल. वाचकहो, न्याय कायद्यानें आरंभिला जातो खरा. पण तो पुरा होतो तो घरांतच.