कार्ड हरवलं, तर लसींचा हिशोब कुणाकडे?

साकोली असो वा लाखांदूर, भंडारा जिल्ह्यातल्या आईला विचारा, बाळाला कोणत्या लसी दिल्या? ‘सगळ्या दिल्या,’ असं उत्तर येतं. ते खोटं नसतं, पण अपुरं असू शकतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) 12 ते 23 महिन्यांच्या मुलांसाठी म्हणूनच दोन आकडे दिले जातात: एक कार्ड किंवा आईच्या आठवणीवरून, दुसरा फक्त कार्डावरून.

बीसीजी सहसा लक्षात राहते, कारण डाव्या दंडावर बहुधा व्रण उरतो. पेंटाव्हॅलंटचं तसं नाही. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यातली ही इंजेक्शनं एकसारखीच; दोन झाली की तीन, हे सांगणं कठीण. पोलिओचा गोंधळ तर सर्वांत मोठा. पल्स पोलिओच्या रविवारी पाजलेले थेंब चुकून नियमित डोसांत मोजले जातात. यात आईला दोष देणं मला अन्यायाचं वाटतं. एकाच भेटीत इतक्या लसी असताना कोण मोजणार?

कार्ड हरवलं असेल, तर आशाताईंना किंवा उपकेंद्रातल्या परिचारिकेला विचारावं. त्यांच्याकडे नोंद असते. पेंटाव्हॅलंटचा डोस चुकलेला आढळला, तरी मालिका पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही.