एका दिवसाची सफारी : वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर

जंगल सफारी म्हणजे राखीव जंगलात ठरलेल्या दारातून, ठरलेल्या वेळेत, नोंदणी झालेल्या गाडीतून आणि प्रशिक्षित मार्गदर्शकासोबत मारलेली फेरी. एक फेरी साधारण चार तासांची असते. त्यामुळे जवळच्या शहरातून निघून, जंगल पाहून त्याच रात्री घरी पोचणे शक्य होते. ही सोय महाराष्ट्रात चंद्रपूरइतकी क्वचितच कुठे असेल. शहराच्या सीमेवरच जंगल सुरू होते आणि मोहर्लीचे प्रवेशद्वार तासाभराच्या आत गाठता येते. गडचिरोली, चामोर्शी, मूल या बाजूच्या लोकांनाही ताडोबा एका दिवसात होतो. चामोर्शीहून हरणघाटाच्या पुलावरून वैनगंगा ओलांडली की मूलमार्गे चंद्रपूरचा रस्ता लागतो.

ताडोबा हे राज्यातले सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान. इथली शिकार १९३५ मध्येच बंद झाली होती. १९५५ मध्ये ११६ चौरस किलोमीटरहून थोड्या अधिक क्षेत्राला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. १९८६ मध्ये शेजारचे अंधारी अभयारण्य झाले आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प उभा राहिला. आज सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचा गाभा म्हणजे कोअर आणि त्याभोवती सुमारे ११०० चौरस किलोमीटरचा बफर अशी त्याची रचना आहे. ताडोबा हे नाव गोंडांच्या तारू या देवाचे. वाघाशी झुंजताना मरण पावलेला गावप्रमुख पुढे देव झाला, अशी कथा आहे. तलावाच्या काठी त्याचे स्थान असून पौष महिन्यात आदिवासी तिथे पूजेला येतात. अंधारी ही याच जंगलातून वाहणारी नदी.

दिवसभराची सहल आखताना पहिला प्रश्न असतो तो कोणत्या दारातून जायचे हा. कोअरमध्ये जायला मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, पांगडी आणि झरी अशी सहा दारे आहेत, तर बफरमध्ये आगरझरी, देवाडा, जुनोना, मामला, मदनापूर, अलिझंझा, केसलाघाट अशी कितीतरी. नागपूरकरांना उमरेड-चिमूरमार्गे कोलारा सोयीचे, चंद्रपूरकरांना मोहर्ली. मूलकडून येणाऱ्यांनी मात्र सवयीने मोहर्लीचाच हट्ट धरू नये. झरी किंवा मूल रस्त्यावरचे केसलाघाट त्यांना जवळ पडते आणि तिथे गर्दीही कमी असते.

प्रत्येक दारातून एका फेरीत किती गाड्या सोडायच्या याची मर्यादा ठरलेली आहे. म्हणून आरक्षण आधी, प्रकल्पाच्या संकेतस्थळावरून करावे लागते. सुट्ट्यांच्या आणि उन्हाळ्याच्या दिवसांतली जागा खूप आधी भरते. आरक्षणात दिलेले ओळखपत्र मूळ स्वरूपात जवळ लागते. झेरॉक्स घेऊन आलेल्यांना दारावरून परत फिरावे लागू शकते. कोअर दर मंगळवारी बंद असतो, शिवाय पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर हे तीन महिनेही बंद. बफरची काही दारे पावसाळ्यातही उघडी राहतात. तेव्हा जंगल हिरवेगार असते, पण गवत माजलेले आणि पाणी सगळीकडे असल्याने जनावर दिसणे अवघड.

सकाळची फेरी उजाडताना सुरू होते, दुपारची ऊन कलू लागल्यावर. पहाटेच्या फेरीसाठी नागपूरहून किंवा गडचिरोलीच्या आतल्या भागातून निघायचे तर मध्यरात्रीच घर सोडावे लागते, आणि रात्रभर जागलेला माणूस जिप्सीत पेंगतो. एका दिवसात जाऊन यायचे असेल तर लांबून येणाऱ्यांसाठी दुपारची फेरीच शहाणपणाची. चंद्रपुरात राहणाऱ्यांनी मात्र सकाळ सोडू नये. रात्रीच्या खुणा तेव्हा धुळीत ताज्या असतात आणि पुढे दिवसभर गाड्यांची चाके त्या पुसत जातात.

उघड्या जिप्सीत सहा पर्यटक, एक चालक आणि एक गाईड बसतात. गाईड बहुतेक वेळा जंगलालगतच्या गावांतलाच असतो. मोहर्ली, कोलारा, आगरझरी या गावांतल्या अनेक घरांचा संसार आज याच कामावर चालतो. महिलाही गाईड म्हणून काम करतात. सफारीचा खर्च जिप्सी, प्रवेशशुल्क आणि गाईडचे मानधन असा विभागलेला असतो. या तिन्हींत सर्वांत कमी रक्कम गाईडची आणि सर्वांत मोलाचे काम त्याचेच.

गाईड डोळ्यांपेक्षा कानांनी जास्त काम करतो. गाडी थांबवून इंजिन बंद करायला सांगतो तेव्हा तो ‘कॉल’ ऐकत असतो. वाघ किंवा बिबट दिसला की चितळ तीक्ष्ण आवाजात ओरडते, वानर झाडाच्या शेंड्यावरून खाकरल्यासारखा आवाज काढते, भेकर कुत्र्यासारखे भुंकते आणि सांबर घोगरा, दणदणीत हाकारा देते. या सगळ्यांचे वजन सारखे नसते. चितळ नुसत्या संशयानेही ओरडते. सांबर सहसा शिकारी प्रत्यक्ष दिसल्याशिवाय किंवा त्याचा वास आल्याशिवाय तोंड उघडत नाही, म्हणून सांबराच्या कॉलवर गाईड गाडी वळवतो. कॉल कोणत्या बाजूने सुरू झाला, तो पुढे सरकतोय की एका जागी थांबलाय, यावरून वाघ चालतोय की बसलाय हे तो ताडतो. पुढे रस्ता कुठे वळतो, पाणवठा कुठे आहे याचा हिशेब करून गाडी कुठे उभी करायची ते ठरवतो. या अंदाजाला पाच-दहा मिनिटे शांतता लागते, आणि ही शांतता त्याला देणे एवढेच पर्यटकाच्या हातात असते. मागच्या सीटवर गप्पा चालू असतील तर सर्वांत कसलेला गाईडही बहिरा होतो.

धूळ हे त्याचे दुसरे साधन. वाघ जंगलातल्या कच्च्या रस्त्यांवरून खुशाल चालतो. पायाखाली मऊ माती मिळते, काटे नसतात आणि आपल्या हद्दीची गस्तही होते. पगमार्कच्या कडा तीक्ष्ण असतील तर ठसा ताजा. त्यावर किड्याची किंवा पाखराची रेघ उमटली असेल, तर त्याला काही तास उलटून गेले. नराचा ठसा चौकोनाकडे झुकणारा आणि मादीचा लांबट असतो. शेजारी छोटे ठसे असतील तर बछडे सोबत आहेत, आणि गाडी दूर ठेवायला हवी. झाडाच्या बुंध्यावरचे नखांचे ओरखडे, दगडावर सोडलेला उग्र दर्प, केस मिसळलेली विष्ठा, अस्वलाने उकरलेले वारूळ हे सगळे तो जाता जाता दाखवतो.

उन्हाळ्यात वाघ जास्त दिसतो, याचे कारण साधे आहे. साग, ऐन, बिजा, धावडा, तेंदू यांच्या या पानगळीच्या जंगलात मार्चनंतर पाने झडतात आणि नजर लांबवर जाते. ओढे आटतात, पाणी मोजक्या पाणवठ्यांवर उरते. चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा वाघ तासन्‌तास पाण्यात बसून राहतो. त्याच दिवसांत पांढऱ्या सालीचा निष्पर्ण कांडोळ उजळ दिसतो, पळस-सावरीचा बहर होऊन गेलेला असतो आणि मे-जूनमध्ये नवरंग पक्ष्याची शीळ ऐकू येऊ लागते. हिवाळ्यात धुक्यामुळे सकाळी काही दिसायला वेळ लागतो, पण तलावावर स्थलांतरित पाखरे असतात आणि काठावर मगरी ऊन खात पडतात. रानगवे, रानकुत्र्यांच्या टोळ्या, नीलगाय (इथल्या बोलीत रोही), रानडुकरे, सर्पगरुड, टकाचोर हे सगळे एका फेरीत दिसेलच असे नाही, पण यांतले काहीच न दिसता सहसा कोणी परतत नाही.

२०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ मोजले गेले. त्यातला मोठा वाटा चंद्रपूर जिल्ह्याचा. त्यामुळे ‘ताडोबात वाघ दिसतोच’ अशी हमी काही जण देतात आणि तिथून दबाव सुरू होतो. वाघ दाखवला तर बक्षिसी मिळते, नाही दाखवला तर नाराजी पदरी पडते, आणि चालक-गाईड घाई करतात. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-२ ही वाघीण आणि तिचे बछडे दोन्ही बाजूंच्या जिप्सींमध्ये कोंडले गेले. त्याची चित्रफीत पसरली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली आणि संबंधित चालक-गाईडांवर कारवाई झाली. शिक्षा त्यांना झाली, पण गाड्यांत बसून ‘अजून पुढे घ्या’ म्हणणाऱ्यांचाही त्यात वाटा होता, हे विसरता येत नाही.

नियम अशा प्रसंगांसाठीच आहेत. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही महिने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यातले पर्यटन थांबवले होते. त्यानंतर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांनुसार वन्यप्राण्यापासून किमान २० मीटर आणि दोन गाड्यांमध्ये ५० मीटर अंतर राखायचे आहे. ठरलेल्या जागेखेरीज गाडीतून उतरायचे नाही, रस्ता सोडायचा नाही, प्राण्याला खाऊ किंवा आवाजाने आकर्षित करायचे नाही. ताडोबात मोबाइल आत नेता येत नाही. फोनवरून वाघाची खबर पसरली की सगळ्या गाड्या एकाच ठिकाणी धावत, म्हणून ही बंदी. कॅमेरा चालतो. भडक कपडे आणि अत्तर टाळावे. पाण्याची बाटली, टोपी, धुळीसाठी रुमाल आणि हिवाळ्यात चांगले जाडजूड स्वेटर एवढे पुरते.

पर्यटकासाठी चार तासांचे असलेले हे जंगल भोवतालच्या गावांसाठी रोजचे आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचायला, मे महिन्यात तेंदूपाने तोडायला माणसे जंगलात जातात, आणि वाघाच्या हल्ल्यांच्या बातम्याही याच दिवसांत वाढतात. वाकून फुले वेचणारा माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये कोलारा परिक्षेत्रात व्याघ्रगणनेच्या पाहणीसाठी पायी निघालेल्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. व्याघ्र प्रकल्पासाठी बोटेझरीसारखी गावे कोअरमधून उठून बाहेर वसली. प्रवेशशुल्कातून येणारा पैसा प्रकल्पाच्या प्रतिष्ठानामार्फत संरक्षण आणि गावांच्या कामांसाठी वापरला जातो, त्यामागे हाच विचार आहे. त्याग गावांनी केला, तेव्हा लाभातही त्यांचाच पहिला हक्क.

वैनगंगेच्या अलीकडे, गडचिरोलीच्या बाजूला चित्र वेगळे आहे. चामोर्शी तालुक्यात आष्टीजवळ चपराळा अभयारण्य आहे. १३४ चौरस किलोमीटरहून थोडे मोठे, १९८६ मध्ये घोषित झालेले. वर्धा आणि वैनगंगा इथेच मिळतात आणि पुढे प्राणहिता म्हणून वाहतात. संगमाजवळच्या प्रशांतधामला भाविकांची ये-जा असते, पण जंगल पाहायला येणारे त्या मानाने थोडे. इथे ताडोबासारख्या जिप्सींच्या रांगा नाहीत आणि वाघाची हमी देणारेही कोणी नाही. चितळ, रोही, अस्वल, बिबट, नदीकाठची पाखरे आणि दाट सागवन निवांत पाहायचे असेल तर चामोर्शीकरांनी लांब जाण्याचे कारण नाही. जाताना वनविभागाकडून परवानगी आणि सोबत माहितगार माणूस मिळवावा. माहितगाराशिवाय इथले रस्तेही कळत नाहीत आणि खुणाही.

या भागाची खरी श्रीमंती गिधाडांची. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकामुळे देशभरात गिधाडे मेली. मेलेल्या गुरात औषध उरे आणि ते खाणाऱ्या पक्ष्याची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. गडचिरोलीत मात्र थोडी गिधाडे तग धरून होती. वनविभागाने चामोर्शी तालुक्यातल्या कुनघाडा परिसरात आणि इतरत्र ‘गिधाड उपाहारगृहे’ उभारली. मेलेली गुरे तपासून तिथे टाकली जातात आणि गावातले गिधाडमित्र घरटी व पक्ष्यांवर लक्ष ठेवतात. २०२४ मध्ये ताडोबातही हरियाणातल्या पिंजोर केंद्रात वाढवलेली पांढऱ्या पाठीची गिधाडे बोटेझरीजवळून आकाशात सोडण्यात आली. जिथे गिधाडे टिकली त्या तालुक्यात ती दाखवणारे प्रशिक्षित गाईड नेमणे ही गोष्ट खरे तर फार आधी व्हायला हवी होती.

आष्टीहून पुढे आलापल्लीचे जुने सागवन आहे. तिथल्या ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ या राखलेल्या तुकड्याला २०१४ मध्ये जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. त्यापुढे अहेरी तालुक्यात कमलापूरचा हत्ती कॅम्प लागतो. एकेकाळी लाकूड ओढणाऱ्या हत्तींचा हा तळ. तिथले हत्ती गुजरातला हलवण्याचा बेत निघाला तेव्हा लोकांनी विरोध करून ते इथेच ठेवायला लावले. चामोर्शीहून सकाळी लवकर निघाल्यास आलापल्ली आणि कमलापूर एका दिवसात होतात.

परतीचा रस्ता हाही सफारीचाच भाग समजावा. चंद्रपूर-मूल रस्ता चिचपल्लीच्या दोन्ही अंगांनी जंगलातून जातो आणि वन्यप्राणी तो रोज ओलांडतात. याच पट्ट्यातून जाणाऱ्या चांदा फोर्ट-गोंदिया रेल्वेमार्गावर नोव्हेंबर २०१८ मध्ये वाघाचे तीन बछडे गाडीखाली सापडून मेले. दुपारच्या फेरीनंतर दारातून बाहेर पडेपर्यंत अंधार झालेला असतो. तेव्हा वेग कमी ठेवावा, समोर प्राणी आला तर दिवे मंद करून गाडीतच थांबावे, हॉर्न वाजवू नये, फोटोसाठी खाली उतरू नये. एक चितळ ओलांडून गेले की मागून कळप येतो, म्हणून लगेच गाडी दामटू नये. जखमी प्राणी आढळल्यास त्याच्या जवळ न जाता वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर जागा सांगावी. रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगितला, तर मदत नेमक्या जागी पोचते.