वरातीत जीप का तापते? जुन्या गाडीचं इंजिन थंड ठेवायचं असेल तर एवढं करा

कंधार : लग्नसराई आली की तालुक्यात जुन्या गाड्यांना मान येतो. नवरदेवासाठी कुणी घरची महिंद्रा जीप धुऊन-पुसून काढतं, कुणी आजोबांच्या काळातली अ‍ॅम्बेसेडर. पण मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर असतो, पुढं बँड, मागं वऱ्हाड आणि गाडी मुंगीच्या पावलानं. अर्ध्या तासात बोनेटमधून वाफ निघते आणि नवरदेवाला खाली उतरावं लागतं. हीच गाडी कंधारहून लोह्यामार्गे नांदेडला एका दमात जाते, तेव्हा तापत नाही. मग वरातीतच काय होतं?

दोष उन्हाचा कमी, वेगाचा जास्त

डिझेल-पेट्रोल जाळून इंजिनात जी उष्णता तयार होते, तिचा साधारण तिसरा हिस्सा पाण्यावाटे बाहेर काढावा लागतो. वॉटर पंप हे पाणी फिरवतो आणि रेडिएटरच्या जाळीत हवा त्याला थंड करते. गाडी पळत असली की समोरून वारा आपोआप मिळतो. गाडी रांगायला लागली की तो बंद. मग सगळी भिस्त पंख्यावर.

नव्या गाडीत पंखा विजेवर चालतो. पाणी तापलं की गाडी उभी असली तरी जोरात फिरतो. जुन्या गाडीत पंखा आणि वॉटर पंप दोन्ही बेल्टवर, म्हणजे इंजिन जेवढं फिरेल तेवढेच ते फिरणार. इंजिन मंद असताना पंखाही मंद आणि पाणीही मंद. म्हणून माळेगावच्या यात्रेत, ऐन मार्गशीर्षाच्या थंडीतसुद्धा, गर्दीत अडकलेली जुनी जीप तापू शकते.

त्यात आपणच एक चूक करतो. सजावटीच्या नादात पुढच्या जाळीवर हार, झालर नाहीतर बॅनर बांधतो. म्हणजे गाडीचं नाकच दाबलं की! फुलं बोनेटवर, दारावर लावा. जाळी मोकळी सोडा.

निघायच्या आधी काय बघायचं?

पाणी : बोअरचं पाणी क्षाराचं असतं. चहाच्या पातेल्याला पांढरा थर बसतो ना, तसाच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो आणि पाण्याची वाट अडते. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं घालावं. कूलंटमुळं गंज धरत नाही आणि पाणी उशिरा उकळतं.

झाकण : रेडिएटरचं झाकण नुसतं झाकण नाही, ते आत दाब धरून ठेवतं. कुकरसारखंच. ७ पौंडाचं झाकण ठीक असेल तर साधं पाणीही ११० अंशांच्या आसपास उकळतं. रबर गेलं की दाब गेला आणि पाणी १०० लाच उकळून बाहेर. हे बदलायला फार खर्च नाही. फक्त आपल्या गाडीला जेवढ्या दाबाचं लागतं तेवढंच घ्या.

बेल्ट : इंजिन बंद करून अंगठ्यानं दाबा. साधारण १० ते १२ मिलिमीटर दबला तर ठीक. जास्त दबला तर बेल्ट घसरणार आणि पंखा मार खाणार.

जाळी : कडबा, धूळ, किडे अडकलेले असतात. इंजिन गार असताना आतून बाहेर पाणी मारा. प्रेशर जोराचा नको, पाती वाकतात. पंख्याभोवतीचं गोल आवरण काढून टाकलं असेल तर परत बसवा. त्याशिवाय पंखा आजूबाजूचीच गरम हवा ओढत राहतो.

थर्मोस्टॅट : गाडी तापते म्हणून बरेच जण तो काढूनच टाकतात. पण तो साधारण ८२ अंशांना उघडतो आणि इंजिन योग्य गरमीवर ठेवतो. बिघडला असेल तर नवा टाका. उकळत्या पाण्यात सोडून बघा, उघडला नाही तर गेलेला आहे.

विजेचा पंखा बसवायचा विचार असेल तर आधी चार्जिंग तपासा. जुना डायनामो मंद इंजिनावर फारसा करंट देत नाही. पंखा चालेल, पण बॅटरी बसेल.

गर्दीत अडकलात तर

काट्यावर नजर ठेवा. गाडी थांबली की न्यूट्रल करा, क्लच दाबून धरू नका. अ‍ॅक्सिलरेटर थोडा दाबून इंजिन जरा जलद फिरू द्या, म्हणजे पंखा आणि पंप दोन्हींना जोर येतो. पुढच्या गाडीला चिकटू नका, तिची गरम हवा थेट आपल्या जाळीत येते.

काटा चढतच राहिला तर वरात थांबवा, गाडी सावलीत घ्या, बोनेट उघडा. पाणी उकळून बाहेर येत असेल किंवा कमी झालं असेल तर इंजिन लगेच बंद करा.

पेट्रोल गाडी काटा ठीक असतानाही बंद पडली, तर पेट्रोल पंपात किंवा नळीत पेट्रोलची वाफ झाली असावी. मुंबईत ऑक्टोबर २०२३ अखेर बंद झालेल्या पद्मिनी टॅक्सीच्या चालकांना हे दुखणं ओळखीचं. पंपावर ओलं फडकं ठेवा, थोडं थांबा, गाडी परत सुरू होते.

हे मात्र करू नका

गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. दाब सुटला की आतलं पाणी उसळून थेट तोंडावर, छातीवर येतं. किमान अर्धा-पाऊण तास थांबा. मग जाड फडकं धरून, तोंड बाजूला करून, झाकण आधी अर्धंच फिरवा.

तापलेल्या इंजिनात थंडगार पाणी ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं किंवा सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर आला, तर हेड गॅस्केट गेलं असावं. तेव्हा गाडी चालवू नका, ओढून मिस्त्रीकडं न्या. तशीच रेटली तर गॅस्केटच्या खर्चात भागणारं काम सगळं इंजिन खोलण्यावर जातं.

लग्नाच्या आदल्या दिवशी गाडी धुताना अर्धा तास बोनेटखालीही घाला. नवरदेव मांडवापर्यंत गाडीतच जाईल.