खळ आणि उंदीर

पिंजऱ्याला अडकवलेल्या कार्डावर जन्मतारीख, 'नर' आणि 'ॲपोई' एवढंच लिहिलेलं. ॲपोईच्या पुढे दोन उणे चिन्हं, मधे तिरपी रेघ. उणे म्हणजे त्या जनुकाची प्रत निकामी. आईकडून आलेलीही आणि बापाकडून आलेलीही. आतला काळा उंदीर कागदाच्या पट्ट्या दातांनी फाडून कोपऱ्यात घरटं रचत होता. लव तकतकीत, हालचालीत लगबग. प्राणिगृह सांभाळणाऱ्या ताईंना मी मास्कआडून विचारलं, "हा आजारी आहे?" त्या म्हणाल्या, "बाहेरून नाही कळत. रक्त काढलं की कळतं. माणसांसारखंच."

माझा मामा सेहेचाळिसाव्या वर्षी, एका पहाटे, गॅसवरचं दूध तापायच्या आत हार्ट अटॅकने गेला. तेव्हापासून लिपिड प्रोफाइलचा कागद हाती आला की माझी नजर आधी कोलेस्टेरॉलच्या ओळीवर जाते. त्या ओळीचा माग काढत मी या उंदरापर्यंत आलो.

साध्या उंदराला मामाचा रोग होत नाही. त्याच्या रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल एचडीएलमध्ये, म्हणजे आपण ज्याला 'चांगलं' म्हणतो त्यात असतं, आणि धमन्यांत थर साचत नाहीत. त्यामुळे लहान, भराभर वाढणारा, ज्याची वंशावळ चोख ठाऊक आहे असा हा प्राणी हृदयरोगाच्या अभ्यासाला निरुपयोगी ठरत होता. १९९२ साली अमेरिकेतल्या दोन प्रयोगशाळांनी एकमेकींपासून स्वतंत्रपणे ही अडचण सोडवली : चॅपेल हिलला नोबुयो माएदा यांच्या गटाने आणि न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जॅन ब्रेस्लो यांच्या गटाने. दोघांनीही ॲपोलायपोप्रोटीन ई, म्हणजे कार्डावरचं ॲपोई, या प्रथिनाचं जनुक बंद पाडलं.

हे प्रथिन करतं काय? जेवणानंतर रक्तात चरबीचे कण फिरतात. त्यातली चरबी पेशींनी काढून घेतली की कोलेस्टेरॉलने भरलेला चोथा उरतो, तो यकृताने उचलायचा असतो. कपाला जसा कान, तसं या कणाला ॲपोई. यकृताच्या पेशी तो कान धरूनच कण आत घेतात. कान नसेल तर कण रक्तातच फिरत राहतो. ब्रेस्लो यांच्या गटाने मोजलं तेव्हा कमी चरबीच्या साध्या खाद्यावरही या उंदरांचं कोलेस्टेरॉल डेसिलिटरमागे ४९४ मिलिग्रॅम भरलं. साध्या उंदरांचं ६०. पाश्चात्त्य धाटणीचं चरबीदार खाणं दिल्यावर ते १८२१ वर गेलं, साध्या उंदरांचं फक्त १३२. चॅपेल हिलच्या उंदरांत तिसऱ्या महिन्यातच महाधमनीच्या मुळाशी चरबी गिळून फेसाळलेल्या पेशींचे थर दिसले. एक जनुक गेलं, आणि ज्याला हा रोग होत नव्हता त्याला तो झाला.

असं एकच जनुक नेमकं गाठायचं कसं, या प्रश्नामागे मला सर्वांत लोभस वाटणारी गोष्ट आहे. माएदा यांचे पती ऑलिव्हर स्मिथीज यॉर्कशरमध्ये वाढले. लहानपणी वडिलांच्या शर्टांना आई खळ करायची, तेव्हा ती निवली की थिजते, हे त्यांनी पाहिलं होतं. पुढे टोरंटोत प्रथिनं वेगळी करताना कागदावर ती चिकटून फरफटत होती, तेव्हा त्यांना ती खळ आठवली. स्टार्चची थिजलेली लादी करून त्यांनी तिच्यातून प्रथिनं विजेच्या जोरावर सरकवली, आणि १९५५ मध्ये ती पद्धत प्रसिद्ध केली. तीस वर्षांनी, १९८५ मध्ये, याच माणसाने दाखवलं की बाहेरून दिलेला डीएनएचा तुकडा मानवी पेशीत आपल्या जुळत्या जागी जाऊन बसू शकतो. युटामध्ये मारिओ कॅपेकी वेगळ्या वाटेने तिथेच पोचले होते. केंब्रिजला मार्टिन इव्हान्स आणि मॅथ्यू कॉफमन यांनी १९८१ मध्ये उंदराच्या भ्रूणातल्या मूळपेशी काचेच्या बशीत वाढवल्या होत्या. या धाग्यांतून नॉकआउट, म्हणजे एखादं जनुक बंद पाडलेला, उंदीर विणला गेला, आणि २००७ चं नोबेल स्मिथीज, कॅपेकी व इव्हान्स यांना मिळालं.

कृती सांगायला सोपी, करायला जिवावरची. दोन्ही टोकं ॲपोईच्या जनुकाशी जुळणारी आणि मधे एका औषधाला दाद न देणारं जनुक, असा तुकडा मूळपेशींत घालायचा. औषध टाकलं की ज्यांनी तुकडा घेतला नाही त्या मरतात. उरलेल्यांतून तो योग्य जागी बसलेली पेशी हुडकायची, ती कोवळ्या भ्रूणात टोचायची, भ्रूण दुसऱ्या मादीच्या पोटी वाढवायचा. जन्मणारं पिल्लू दोन वंशांच्या पेशींचं, अनेकदा ठिपकेदार. त्याच्या वंशातून एक निकामी प्रत असलेले नर-मादी जुळवले की सरासरी चारातलं एक पिल्लू दोन उण्यांचं निघतं. कुठलं, ते कळायला आजही कानाचा टिकलीएवढा तुकडा घेऊन त्यातला डीएनए थिजलेल्या लादीतून सरकवतात. स्टार्चऐवजी आता अगारोज असतं. ताईंनी मला तो फोटो दाखवला : काळ्यावर पांढऱ्या रेघा. मला स्मिथीज यांच्या आईची खळ दिसत होती.

या उंदराने दिलेलं सगळ्यात सुंदर उत्तर १९९५ चं आहे. ॲपोई मुख्यतः यकृत बनवतं. पण नॅशव्हिलच्या संशोधकांनी या उंदरांत साध्या उंदरांची अस्थिमज्जा घातली, तर तिच्यातून तयार झालेल्या पेशींच्या थोड्याशा ॲपोईनेही कोलेस्टेरॉल उतरलं आणि धमन्या जवळजवळ वाचल्या. थोडासा कानही पुरतो, हे एकही कान नसलेल्या प्राण्यामुळेच दिसलं.

निघताना तिथल्या संशोधक मुलीने सूक्ष्मदर्शकाखाली एक काच ठेवली. महाधमनीचा आडवा काप, झडपांच्या तीन पाकळ्या, आणि भिंतीला लागून चरबीचे कुंकवासारखे लाल डाग. ती म्हणाली, "एवढं साचतं, पण हे उंदीर सहसा हार्ट अटॅकने मरत नाहीत." माणसात साचलेला थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि वाट बंद होते. या उंदरात ते क्वचितच घडतं. थर कसा चढतो हे त्याने तीस वर्षं दाखवलं आहे. मामाच्या धमनीत त्या पहाटे जे फुटलं असेल, ते या काचेवर नव्हतं. मी पुन्हा एकदा भिंगाला डोळा लावला.