होळीला रिकाम्या हातांनीं जाऊं नये

जे सण केवळ पाहून साजरे होत नाहींत, त्यांत फाल्गुनी पौर्णिमेची होळी प्रथम गणली पाहिजे. दिवाळीचे दिवे खिडकींतून पाहतां येतात, गणपतीची मिरवणूक गच्चीवरून दिसते. होळीस मात्र कांहींतरी घेऊन जावें लागतें. गोवरी, लाकूड, नारळ, पुरणाची पोळी. निदान एक आरोळी तरी!

शके १९४६ च्या पौर्णिमेस, म्हणजे १३ मार्च २०२५ रोजीं, आम्ही घोरावाडीस गेलों होतों. पुणें-लोणावळें लोहमार्गावर बेगडेवाडी व तळेगांव यांच्यामध्यें हें लहानसें स्टेशन आहे. जवळच्या डोंगरांत घोरावडेश्वराचीं बौद्ध लेणीं असून त्यांतच शिवाचें स्थान आहे. तुकोबारायांच्या चिंतनाची जागा म्हणूनहि हा डोंगर पूज्य मानितात.

तेथील एका वस्तींत एरंडाची फांदी रोवून तिच्याभोंवतीं गोवऱ्या व वाळकीं लाकडें रचलीं होतीं. आम्ही कडेला उभे होतों. तोंच एका आजीबाईंनीं आमच्या हातांत गोवरी ठेविली व म्हटलें, "रिकाम्या हातानं होळीला उभं ऱ्हाऊ नये." त्या एका गोवरीनें आम्ही प्रेक्षकांतून निघून गांवकऱ्यांत जमा झालों. पूजा व नैवेद्य होऊन अग्नि पेटला, मुलांच्या बोंबा उठल्या, हलगी कडाडली. एकानें गाण्याची ओळ टाकावी, दुसऱ्यानें ती पुरी करावी. ज्याला सूर नाहीं त्यानें टाळी धरावी. गवई कोण आणि श्रोता कोण, हें सांगणें कठीण!

अमेरिकेंत १९८६ सालीं सॅन फ्रॅन्सिस्कोच्या समुद्रकिनाऱ्यावर कांहीं मित्रांनीं लाकडी पुतळा जाळला. १९९० पासून तो मेळा नेवाडाच्या वाळवंटांत भरूं लागला व 'बर्निंग मॅन' या नांवानें जगप्रसिद्ध झाला. येणाऱ्यानें नुसतें पाहूं नये, कांहीं करावें, हें तत्त्व त्याच्या चालकांनीं लेखी घालून दिलें आहे. घोरावाडीच्या आजीबाईंस तें न लिहितां ठाऊक होतें.

आमच्या सुशिक्षित घरांनीं शिमग्याकडे पाठ फिरविली, त्याचें कारण क्षुल्लक नव्हतें. अचकटविचकट शिव्या, चिखलफेक, स्त्रियांस होणारा उपद्रव हें सर्व निंद्यच. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभींच्या दशकांत गोपाळ कृष्ण देवधर यांनीं मुंबईंत होलिका-संमेलनें भरविलीं, तीं सण टाकण्यासाठीं नव्हे, सुधारण्यासाठीं. आज आम्ही काय करतों? वर्गणी देतों, भाड्याचा ध्वनिवर्धक आणवितों, आणि तो असह्य झाला म्हणजे खिडकी लावून घेतों. शिव्या गेल्या हें बरें झालें. पण त्यांच्याबरोबर मुलांचा स्वतःचा आवाजहि गेला, हें बरें झालें नाहीं.

यावर उपाय अवघड नाहीं. पुढील होळीस घरांतील प्रत्येक मुलानें एक गोवरी स्वहस्तें न्यावी, एखादें सोंग घ्यावें, चार ओळींचें गाणें स्वतः जुळवावें. आजोबांनीं ताल धरावा, लेकीसुनांनीं केवळ पुरण वाटीत न बसतां अंगणांत यावें. ओली फांदी मात्र कोणीं तोडूं नये. फाल्गुनांत मावळच्या डोंगरांवरील गवत वाळून वणवे लागतात, तेव्हां डोंगराच्या उतारापासून दूर, लहानशीच होळी करावी आणि हाताशीं पाणी ठेवावें.

एवढेंहि आमच्यानें झालें नाहीं, तर आमचीं नातवंडें होळी चित्रांतच ओळखतील, आणि पुरणपोळी तेवढी आठवणीनें मागतील.